ऑक्टोपस स्वतःचा डीएनए बदलतो की केवळ त्याची नक्कल?

विचारणा : खडूफळा

नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला जीवशास्त्र शिकवते. डीएनएवरून आरएनए आणि आरएनएवरून प्रथिन हा धडा संपवून वर्गाबाहेर पडत असताना एका विद्यार्थ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मजकूर मला दाखवला. त्यात दोन विधाने होती. ऑक्टोपस आणि माकूळ (स्क्विड) हे प्राणी गरजेनुसार स्वतःचा डीएनए बदलतात, हे पहिले. आणि म्हणूनच ते पृथ्वीवरचे नसून अवकाशातून आले असावेत असे शास्त्रज्ञ मानतात, हे दुसरे. दुसऱ्याकडे मी हसून दुर्लक्ष केले. पहिल्याची वाट मात्र तितकी सोपी नव्हती, कारण या प्राण्यांत आरएनएचे संपादन मोठ्या प्रमाणावर होते एवढे मी वाचलेले होते. ते नेमके कसे होते आणि त्याचा डीएनएशी काय संबंध, हे मला त्या मुलाला समजावून सांगता आले नाही.

माझ्या शंका अशा आहेत. मूळ डीएनए तसाच राहून केवळ आरएनए बदलत असेल, तर तो बदल पुढच्या पिढीकडे जातो का? आपल्या शरीरातही असे संपादन होते असे पाठ्यपुस्तकाबाहेरच्या वाचनात आले आहे, मग या प्राण्यांचे एवढे कौतुक कशासाठी? आणि ज्याने मी सर्वाधिक गोंधळले ती गोष्ट म्हणजे, या सोयीमुळे त्यांच्या जनुकसंचाची उत्क्रांती मंदावते असे एका ठिकाणी म्हटले होते. ज्या प्राण्याला प्रथिने बदलण्याचा आणखी एक मार्ग उपलब्ध आहे त्याची उत्क्रांती उलट वेगाने व्हायला नको का? कृपया जाणकारांनी सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : चेतातंतू

खडूफळा ताई, शेवटच्या शंकेपासून सुरुवात करण्याचा मोह होतो आहे, परंतु ती नीट कळायची तर आधी प्रक्रिया समोर असायला हवी.

डीएनएवरून संदेशवाहक आरएनए तयार झाल्यावर एडार या नावाने ओळखली जाणारी विकरे त्या आरएनएमधील काही ठरावीक अ‍ॅडिनोसिन ('ए' हे अक्षर) शोधतात आणि त्यांचा अमिनो गट काढून टाकतात. अमिनो गट गेला की अ‍ॅडिनोसिनचे इनोसिन होते, आणि रायबोसोम, म्हणजे प्रथिन जोडणारे पेशीतील यंत्र, इनोसिनला ग्वानोसिन ('जी') समजून वाचतो. थोडक्यात, डीएनएमध्ये 'ए' लिहिलेले असते, पण प्रथिन घडते ते तेथे 'जी' असल्याप्रमाणे. उदाहरणार्थ, 'एयूयू' या तीन अक्षरांच्या त्रिकाचा अर्थ आयसोल्यूसिन हे अमिनो आम्ल असा आहे. त्यातील पहिले अक्षर बदलले की तेच त्रिक 'जीयूयू' असे वाचले जाते आणि साखळीत आयसोल्यूसिनच्या जागी व्हॅलिन येते. 'यूएजी' हे पूर्णविरामाचे त्रिक आहे. त्याचे 'यूजीजी' झाले तर पूर्णविराम पुसला जाऊन ट्रिप्टोफॅन बसतो आणि वाक्य पुढे चालू राहते.

मूळ डीएनए यात जागचा हलत नाही. त्यामुळे 'स्वतःचा डीएनए बदलतात' हे विधान सरळसरळ चूक आहे, आणि संपादित आरएनए पिढीजात उतरण्याचाही प्रश्न येत नाही, कारण तो काही काळाने पेशीतच मोडीत निघतो. वारशाने जाते ते त्या जागेच्या आसपासचे डीएनएतील लेखन, ज्यामुळे पुढच्या पिढीतही त्याच जागी संपादन होऊ शकते. मूळ हस्तलिखित कपाटात सुरक्षित आहे आणि छापखान्यात जाणाऱ्या प्रतीवर संपादक पेन्सिलीने खुणा करतो आहे, अशी कल्पना वर्गात चालून जाईल. फक्त येथे एकाच हस्तलिखिताच्या शेकडो प्रती निघतात आणि संपादक काही प्रतींवर खूण करतो, काहींवर करत नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. एकाच पेशीत एकाच प्रथिनाची दोन रूपे शेजारी शेजारी नांदतात ती त्यामुळे.

मी स्वतः आरएनएवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होतो, तेव्हा ही गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. एकाच प्राण्याचा डीएनए आणि त्याच्या चेतापेशींतील आरएनएवरून बनवलेला प्रतिडीएनए, अशा दोन नमुन्यांचे सँगर पद्धतीने वाचन करून दोन आलेख एकाखाली एक लावले होते. वरच्या आलेखात त्या जागी एकच हिरवे शिखर होते, म्हणजे निखळ 'ए'. खालच्या आलेखात आजूबाजूची सगळी शिखरे जशीच्या तशी होती, परंतु नेमक्या त्या एका जागी हिरव्या शिखराच्या पोटात एक काळे शिखर उभे होते, आणि काळा रंग 'जी'चा असतो. काळे जितके उंच तितक्या अधिक प्रती संपादित. वर्गात दाखवायला याहून चांगले चित्र नाही.

आता कौतुकाविषयी. आपल्या शरीरात संपादनाच्या जागा लक्षावधी आहेत, हे खरे आहे, पण त्यांतील बहुतेक जागा प्रथिन न घडवणाऱ्या, वारंवार येणाऱ्या अनुक्रमांत आहेत. प्रथिनाचा अर्थ बदलणाऱ्या आणि सर्व सस्तन प्राण्यांत जपल्या गेलेल्या जागा काही डझनांच्या घरात आहेत. त्यांतली एक मात्र जिवावरची आहे : मेंदूतील ग्लुटामेट ग्राहकाच्या एका घटकात ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन येणे. हे संपादन जवळजवळ शंभर टक्के प्रतींत होते, आणि ते करणारे विकर काढून टाकलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच झटके येऊन मरतात.

माकुळाकडे वळले की प्रमाणच बदलते. अमेरिकेतील वुड्स होल येथील मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीचे जोशुआ रोझेन्थाल आणि तेल अवीव विद्यापीठाचे एली आयझेनबर्ग यांच्या गटांनी २०१५ साली अटलांटिकमधील डोरिट्यूथिस पीलीआय या माकुळाच्या चेतासंस्थेत प्रथिनाचा अर्थ बदलणाऱ्या ५७,१०८ जागा नोंदवल्या. तेथील निम्म्याहून अधिक संदेशवाहक आरएनए अशा बदलाच्या कक्षेत येतात. २०१७ साली याच गटांनी दोन जातींचे ऑक्टोपस आणि एक कटलफिश यांतही हाच प्रकार दाखवला. मात्र त्यांचाच दूरचा, शंख बाळगणारा नातलग नॉटिलस यात बसत नाही, आणि समुद्री गोगलगाय अ‍ॅप्लिसियाही बसत नाही. म्हणजे ही सवय शीर्षपादांतल्या (ऑक्टोपस, माकूळ, कटलफिश, नॉटिलस यांच्या गटातल्या) शंख टाकून दिलेल्या शाखेने पुढे केव्हातरी उचलली.

आता तुमची शेवटची शंका. एडार विकर कोणत्याही 'ए'वर हात टाकत नाही. त्याला दुपदरी आरएनए लागतो. एकपदरी संदेश स्वतःवरच दुमडला आणि त्याचे दोन भाग एकमेकांना जुळले, की जी वेणी तयार होते तिच्यात ते जाऊन बसते. याचा अर्थ एका अक्षराच्या संपादनासाठी त्याच्या दोन्ही बाजूंची बरीच अक्षरे जुळणारी असावी लागतात. त्यांतले एखादे अक्षर उत्परिवर्तनाने बदलले तर वेणी सुटते आणि संपादन थांबते. संपादन प्राण्याच्या उपयोगाचे असेल तर नैसर्गिक निवड असे बदल टिकू देत नाही. २०१७च्या संशोधनात नेमके हेच दिसले : जपलेल्या संपादन-जागांच्या दोन्ही बाजूंना जातीजातींमधील फरकही कमी होते आणि एकाच जातीच्या प्राण्यांमधील फरकही. अशा जागा हजारोंनी असल्या म्हणजे जनुकांचा केवढा भाग जखडला जातो ते लक्षात येईल. प्रतींवर वाटेल तशा खुणा करता याव्यात म्हणून मूळ हस्तलिखितातील ओळी हलवायच्या नाहीत, असा हा सौदा आहे.

प्रतिसाद : उलटतपासणी

चेतातंतू यांनी प्रक्रिया उत्तम मांडली आहे, पण त्यांच्या मांडणीत एक गृहीतक हळूच आत आले आहे आणि त्यावर बोट ठेवणे भाग आहे. 'संपादन उपयोगाचे असेल तर' असे ते म्हणतात. ते उपयोगाचे आहे, हे कशावरून?

मिशिगन विद्यापीठातील जियानझी झांग आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली या प्रश्नाला उलट बाजूने हात घातला. समजा एखाद्या जनुकात 'जी' हेच योग्य अक्षर आहे आणि उत्परिवर्तनाने तेथे 'ए' आला. ज्या प्राण्यात संपादन अगदी कमी आहे त्याला हा बदल बाधेल आणि निवडीत तो बाद होईल. परंतु ज्याच्या चेतापेशींत एडार आधीच जोरात काम करत आहे, त्याच्यात तो 'ए' पुन्हा 'जी' म्हणून वाचला जाईल, बिघाड झाकला जाईल आणि चुकीचे अक्षर डीएनएमध्ये निर्वेध बसून राहील. एकदा ते बसले की मग संपादन थांबवता येत नाही, कारण थांबवले तर बिघाड उघडा पडेल. बाहेरून पाहणाऱ्याला असे दिसेल की प्रथिन बदलणाऱ्या जागी भरपूर आणि जपलेले संपादन आहे, म्हणजे यात मोठा लाभ असला पाहिजे. प्रत्यक्षात तो लाभ नसून आधाराच्या काठीची लागलेली सवय असू शकते.

हा युक्तिवाद मला नुसता चतुर वाटत नाही, तर पहिला विचार म्हणून तोच करायला हवा असे वाटते. आपण एखादी गुंतागुंतीची यंत्रणा पाहिली की तिच्यामागे हेतू शोधू लागतो, आणि ऑक्टोपस हुशार असल्यामुळे संपादनामुळेच त्याला हुशारी आली असे वाक्य लेखणीतून कधी उतरते ते कळत नाही. या वाक्याला आजवर पुरावा नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आयझेनबर्ग यांच्या गटाने २०२१ साली या जागांची दोन ढिगांत विभागणी केली : संपादनानंतर पूर्वजातले जुनेच अमिनो आम्ल परत येते अशा जागा, आणि पूर्वजात कधीच नसलेले नवे अमिनो आम्ल येते अशा जागा. झांग यांचे स्पष्टीकरण पहिल्या ढिगाला चपखल बसते, पण दुसऱ्याला लागू पडत नाही. आणि निवडीने उचलून धरल्याच्या खुणा त्या दुसऱ्या ढिगात आढळल्या. माझे मत असे की बहुसंख्य जागा निरुपद्रवी किंवा डागडुजीच्या असाव्यात आणि उरलेल्यांपैकी काही खरोखर कामाच्या. मात्र सत्तावन्न हजारांतला अल्प वाटाही सस्तन प्राण्यांच्या मानाने फार मोठा होतो.

अवकाशातून आल्याच्या गोष्टीचा उगम २०१८ सालच्या एका लेखात आहे. तेहतीस लेखकांच्या त्या लेखाने गोठलेली अंडी धूमकेतूंवरून आली असण्याची शक्यता मांडली होती, आणि त्यात माकुळाच्या आरएनए संपादनाचाही दाखला दिला होता. ऑक्टोपसची जनुके गोगलगाय आणि शिंपले यांच्या जनुकांशी ज्या रीतीने नाते सांगतात ते पाहिल्यावर या कल्पनेवर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण उरत नाही.

प्रतिसाद : खडूफळा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. हिरव्या शिखराच्या पोटातील काळे शिखर मी उद्याच फळ्यावर काढणार आहे. परंतु उलटतपासणी यांचे वाचल्यावर एक नवीन शंका आली. जनुकांच्या याद्यांवरून तर्क करण्यापेक्षा, संपादनामुळे प्राण्याला प्रत्यक्ष काही फायदा झाला किंवा निदान प्रथिनाचे वागणे बदलले, असे कोणी प्रयोगाने दाखवले आहे का?

प्रतिसाद : चेतातंतू

आक्षेप रास्त आहे आणि मी तो मान्य करतो. प्रयोगाविषयी विचारलेत, तर दोन उदाहरणे देतो.

पहिले २०१२ सालचे. सँड्रा गॅरेट आणि रोझेन्थाल यांनी अंटार्क्टिकाच्या गोठणबिंदूजवळच्या पाण्यातील ऑक्टोपस आणि प्वेर्तो रिकोच्या उबदार प्रवाळखडकांवरील ऑक्टोपस यांच्या पोटॅशियम वाहिनीची तुलना केली. चेतापेशीत विद्युतस्पंद उमटल्यावर ही वाहिनी उघडते आणि पेशीला पुन्हा पूर्वस्थितीत आणते. कडाक्याच्या थंडीत तिचे उघडणे-मिटणे रेंगाळायला हवे, म्हणून दोन्ही जातींच्या जनुकांत फरक असेल अशी त्यांची अपेक्षा होती. जनुके मात्र जवळजवळ सारखीच निघाली, आणि बेडकाच्या अंडपेशीत घालून तपासल्यावर त्यांपासून घडलेल्या वाहिन्याही जवळजवळ सारख्याच वागल्या. फरक होता तो संपादनात. ३२१व्या स्थानावरील आयसोल्यूसिनचे व्हॅलिन होणे ध्रुवीय ऑक्टोपसात भरपूर आणि उष्ण कटिबंधातील ऑक्टोपसात अल्प होते, आणि या एका बदलाने वाहिनी लक्षणीय वेगाने मिटू लागत होती. एयूयू आणि जीयूयूचे जे उदाहरण मी वर दिले ते याच धाटणीचे आहे.

येथे अर्थातच एक पळवाट उरते, कारण दोन वेगळ्या जातींत इतरही अनेक गोष्टी वेगळ्या असतात. ती २०२३ साली बरीचशी बंद झाली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील, डोळ्याखाली निळसर वलय असणारा दोन ठिपक्यांचा ऑक्टोपस घेऊन काही प्राणी १३ अंश सेल्सियसच्या आणि काही २२ अंशांच्या पाण्यात ठेवण्यात आले. सुमारे साठ हजार जागा तपासल्यावर त्यांतील तेरा हजारांहून अधिक जागांचे संपादन तापमानानुसार बदललेले आढळले, आणि जवळजवळ सर्वच ठिकाणी ते थंडीत वाढले होते. पाण्याचे तापमान हळूहळू बदलत नेले तेव्हा पहिला बदल दिवसभराच्या आतच दिसू लागला आणि चारेक दिवसांत नवी पातळी स्थिरावली. समुद्रातून थेट पकडलेल्या प्राण्यांतही उन्हाळा आणि हिवाळा यांत असाच फरक मिळाला.

थंडीत आरएनएची वेणी अधिक घट्ट बसते, त्यामुळे संपादन आपोआपच वाढेल, यात प्राण्याचे कर्तृत्व काय, असे उलटतपासणी म्हणतील. त्यासाठीच संशोधकांनी दोन प्रथिने वेगळी काढून तपासली : पेशीतील माल वाहून नेणारे कायनेसिन आणि चेतापेशींच्या सांध्यावर रसायन सोडण्यास लागणारे सिनॅप्टोटॅग्मिन. संपादित रूपात कायनेसिनच्या चालीचा वेग बदलला आणि सिनॅप्टोटॅग्मिनचे कॅल्शियमला चिकटणे बदलले. ज्या प्राण्याला स्वतःचे रक्त गरम ठेवता येत नाही, त्याच्या मेंदूत थंडी पडताच हजारो प्रथिने किंचित निराळी होतात, एवढे निश्चितपणे म्हणता येते. त्या निराळेपणामुळे तो ऑक्टोपस थंडीत अधिक चांगला जगला, हे या प्रयोगात मोजलेले नाही, हेही नमूद करतो.

प्रतिसाद : समुद्रफेन

चर्चा वाचून एक दुरुस्ती सुचवावीशी वाटली. जनुकसंचाची उत्क्रांती मंदावते, हे वाक्य संपादन-जागांच्या आसपासच्या अक्षरांपुरतेच खरे आहे. संपूर्ण जनुकसंच गोठलेला आहे असा अर्थ त्यातून निघू नये, कारण वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. २०१५ साली दोन ठिपक्यांच्या ऑक्टोपसचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्यात सुमारे २७० कोटी अक्षरे आणि ३३ हजारांच्या आसपास प्रथिन घडवणारी जनुके सापडली; माणसात अशी जनुके वीस हजारांच्या घरात आहेत. संपूर्ण संच दुप्पट झाल्याची खूण मिळाली नाही, परंतु काही जनुककुळे अफाट वाढलेली होती. चेतापेशींच्या जोडण्या जुळवण्यात भाग घेणाऱ्या प्रोटोकॅडहेरिनची एकट्याची १६८ जनुके निघाली, जी सस्तन प्राण्यांच्या दुपटीहून अधिक आहेत. शिवाय जनुकसंचाचा निम्म्याजवळचा भाग जनुकसंचात एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारणाऱ्या अनुक्रमांनी भरलेला आहे, आणि इतर मृदुकाय प्राण्यांत पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली जनुके येथे पांगून भलत्याच शेजारात जाऊन बसली आहेत. म्हणजे ओळी जपल्या आहेत, पण पानांची उलथापालथ झाली आहे.

माझे टोपणनाव कटलफिशच्या पाठीतल्या पांढऱ्या, हलक्या फळीवरून घेतले आहे. कोकणच्या पुळणीवर ती वाहून येते आणि पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवायला लोक उचलून नेतात. तिचा धनीही या संपादकांच्याच कुळातला.

प्रतिसाद : खडूफळा

समुद्रफेन, हा भेद कोणी सांगितला नसता तर मी वर्गात नक्कीच चूक केली असती. आता शेवटचे विचारते. मुलांनी बाजारातून माकूळ आणून यातले काही पाहण्याचा हट्ट धरला आहे. शेजारच्या महाविद्यालयात आरएनए वेगळा करण्याची सोय आहे. जमेल का?

प्रतिसाद : चेतातंतू

आरएनएच्या नादी लागू नका. तो फार लवकर तुटतो. संशोधक प्राण्याची ऊती काढताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाकतात, आणि बर्फाच्या पेटीतून ट्रॉलरवरून बाजारात आलेल्या माकुळात वाचण्याजोगे फारसे काही उरलेले नसते. तुमचा पैसा आणि मुलांचा उत्साह दोन्ही वाया जातील.

त्याऐवजी ज्या चेतातंतूमुळे माकूळ प्रयोगशाळेत आले तोच मुलांना दाखवा. त्याला चाकू आणि कात्रीपलीकडे काही लागत नाही. शक्य तितके ताजे, कातडी फाटलेली नाही असे माकूळ घ्या आणि डोक्याखालची नळी वर येईल असे ताटात उताणे ठेवा. कात्रीचे टोक वर उचललेले ठेवून पिशवीसारखे अंग मोकळ्या कडेपासून टोकापर्यंत मधोमध कापा आणि दोन्ही पाखे उघडून टाचण्यांनी ताणून बसवा. दोन्ही बाजूंचे पिसांसारखे कल्ले आणि मधली आतडी हळुवार काढा. शाईची पिशवी आधी काढली तर सगळे काळे होण्यापासून वाचेल. मग पिशवीच्या आतल्या भिंतीवर, मोकळ्या कडेच्या जवळ, पाठीतल्या पारदर्शक पात्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना एक-एक फिकट गाठ दिसेल, जिच्यापासून तंतू चांदणीसारखे पसरलेले असतात. त्यांतला मागे शेपटीकडे जाणारा सर्वांत लांब तंतू बोटाने दाखवा. त्याच्या पोटात महाकाय अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा संदेश वाहून नेणारा लांब धागा, असतो. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९३९ साली इंग्लंडमधील प्लिमथला अशाच एका अक्षतंतूच्या आत विद्युतशलाका सरकवून चेतासंदेशाचे विद्युत मापन केले होते. काही जातींत त्याची जाडी एक मिलिमीटरपर्यंत भरते. २०२० साली वुड्स होलच्या माकुळाच्या याच अक्षतंतूतला द्रव पिळून काढून तपासला, तेव्हा संपादन करणारे विकर केंद्रकाबाहेर, थेट तेथेही सापडले आणि काम करतानाही आढळले. तोपर्यंत संदेशवाहक आरएनएचे संपादन केंद्रकातच उरकते असे आम्ही सगळे शिकवत होतो.

गाठ शोधताना दिवा तिरका धरा. समोरून प्रकाश पडला तर ओल्या मांसाच्या चकाकीत ती हरवते.